गोव्याचं साहित्य वाचायला घेण्याआधी वर्गात गोवा कसा शिकवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या बऱ्याच महाविद्यालयांत आता अनुवादित किंवा वसाहतोत्तर साहित्याच्या पेपरला गोव्याची एखादी कादंबरी किंवा कथासंग्रह असतो. तो शिकवणारे मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं वर्गात शिकवून झालेल्या मताची आहेत. कुणाला पटतील, कुणाला नाही.

मुलं गोव्याला जाऊन आलेली असतात. त्यांना वेगळा गोवा कशाला शिकवायचा?

जाऊन आलेली असतात, हीच तर पंचाईत. नायजेरियाची किंवा केनियाची कादंबरी हातात दिली की मूल आपोआप सावध होतं: आपल्याला इथलं काही माहीत नाही, जपून वाचायला हवं. गोव्याच्या बाबतीत ही सावधगिरी नसते. एक गोवा कळंगुट-बाग्याचा, दुसरा कुलदैवताचा. आई-वडिलांबरोबर मंगेशी-शांतादुर्गा, मित्रांबरोबर समुद्रकिनारा. त्यात हिंदी सिनेमाने दिलेला, कायम गिटार आणि बाटली हातात असलेला ख्रिस्ती माणूस. या तिन्हींत शेत नाही, खाण नाही, शाळा नाही आणि तालुक्याच्या गावी कचेरीत खेपा घालणारा माणूस नाही. कादंबऱ्या मात्र नेमक्या त्याच्याच.

पहिल्या तासाला एक साधा प्रश्न विचारून बघा: गोव्यात ख्रिस्ती लोक किती टक्के? साठ, सत्तर, अशी उत्तरं येतात. २०११ च्या जनगणनेनुसार ते २५ टक्क्यांच्या आसपास आहेत आणि हिंदू ६६ टक्के. एवढ्या एका आकड्याने वर्ग गप्प होतो आणि ऐकायला लागतो.

पार्श्वभूमीला किती तास द्यायचे?

चार. फार तर पाच. त्याहून जास्त दिले तर तो इतिहासाचा पेपर होतो आणि मुलं कादंबरी उघडायच्या आधीच कंटाळतात. बाकीचं वाचता वाचता, जिथे अडेल तिथे सांगावं.

सुरुवात कुठून करावी? १५१० पासून?

सन तोच, पण तारखेपासून नको. नकाशापासून करा, आणि तो मुलांनी हाताने काढावा. मांडवी आणि जुवारी या दोन नद्या काढल्या की मधला तुकडा तिसवाडी, मांडवीच्या उत्तरेला बारदेश, जुवारीच्या दक्षिणेला सासष्टी. या झाल्या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी काबीज केलेला मुलूख. पोर्तुगीज सेनानी अल्बुकेर्कने आदिलशहाकडून १५१० मध्ये तिसवाडी घेतली. बारदेश आणि सासष्टी १५४३ मध्ये कायमच्या हाती आल्या. मुरगाव तेव्हा सासष्टीतच होतं. आता या तुकड्याभोवती पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण काढा. या नव्या काबिजादी. सौंधेकर राजे आणि सावंतवाडीकर भोसले यांच्याकडून त्या पोर्तुगिजांकडे आल्या त्या १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात.

म्हणजे ‘गोव्यावर साडेचारशे वर्षं पोर्तुगिजांचं राज्य होतं’ हे वाक्य तिसवाडीपुरतं खरं. पेडण्यात ते १७८८ ला आले आणि १९६१ ला गेले, म्हणजे १७३ वर्षं. पुण्यावर इंग्रजांचं राज्य १८१८ ते १९४७, म्हणजे १२९ वर्षं होतं. पेडण्याचा अनुभव काळाच्या हिशेबाने जुन्या गोव्यापेक्षा पुण्याच्या अधिक जवळचा, हे मुलांनीच वजाबाकी करून शोधावं.

नव्या काबिजादी आल्या तोवर धर्मांतराचा जुना जोर ओसरला होता आणि तिथल्या लोकांना त्यांचे धर्माचार पाळू देण्याची हमी सरकारने दिली होती. त्यामुळे फोंड्यात देवळं दिसतात आणि सासष्टीत चर्च. मंगेशीला जाऊन आलेल्या मुलांना विचारा, देव मूळचा कुठला? कुठ्ठाळीचा, जुन्या नावाने कुशस्थळीचा, म्हणजे सासष्टीतला. १५६० च्या सुमारास तो नदीपलीकडे प्रियोळला नेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. हा फोंड्याचा मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशहाच्या ताब्यात होता. हिंदूंच्या देवांना आसरा मिळाला तो मुसलमान राजाच्या हद्दीत, हे सांगितल्यावर वर्गात थोडी चुळबुळ होते. होऊ द्यावी.

हा नकाशा मुलांच्या वहीत शेवटपर्यंत राहिला पाहिजे. कादंबरीत गावाचं नाव आलं की पहिला प्रश्न: जुन्या काबिजादीतलं की नव्या? त्यावरून घरात कुठली भाषा लिहिली-वाचली जात असेल, देऊळ किती जुनं असेल, सरकार किती पिढ्यांच्या ओळखीचं असेल, याचा अंदाज बांधता येतो. अंदाज चुकला तर अधिकच चांगलं, कारण मग लेखकाने काय वेगळं केलं हे दिसतं.

इंग्रजी राज्याशी तुलना केली तर मुलांना पटकन समजतं. करावी का?

करावी, पण कुठे जुळत नाही हे दाखवण्यासाठी. आपल्या मुलांच्या डोक्यात वसाहत म्हणजे मेकॉले, रेल्वे, सत्तावन्न, काँग्रेस, बेचाळीस. गोव्याला यातलं जवळपास काहीच लागू पडत नाही.

तिथलं वळण वेगळं. १८२० च्या राज्यक्रांतीनंतर पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी बसू लागले. गोमंतकीय डॉक्टर आणि खासदार फ्रान्सिश्कु लुईश गोमिश यांची पोर्तुगीज कादंबरी १८६६ ची आहे. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि हिंदूंना कायद्याने बरोबरीचे हक्क मिळाले. गोव्यातल्या हिंदू समाजात शाळा, वाचनालयं, नियतकालिकं यांची जी लाट दिसते, ती त्यानंतरची. मग सालाझारची हुकूमशाही आली, १९३० चा वसाहत कायदा आला आणि दार पुन्हा मिटलं. लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे. या हुकूमशाहीखाली खुद्द पोर्तुगालचे लोकही होते, ही गोष्ट आपल्या मुलांना अगदी नवी असते. इंग्लंडात लोकशाही आणि इथे गुलामी, हा परिचित विरोधाभास गोव्यात त्याच रूपात सापडत नाही.

बंडांची यादी पाठ करून घेऊ नका, दोनच सांगा. सत्तरीतल्या राण्यांची बंडं, त्यात १८५२ चं दीपाजी राण्यांचं. आणि १७८७ चा पिंटोंचा कट, ज्यात कांदोळीच्या पिंटो घराण्यासह पुढे होते ते ख्रिस्ती पाद्री, आणि कटात सामील असलेल्या कित्येकांना देहदंड झाला. ‘ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगिजांच्या बाजूचे’ हे गृहीतक तेवढ्यावरच डळमळतं. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन करणारे त्रिश्तांव ब्रागांझ कुन्हाही ख्रिस्तीच होते.

इन्क्विझिशन आणि धर्मांतर वर्गात कसं हाताळायचं? भीती वाटते.

भीती वाटते ते बरंच आहे. मात्र टाळू नका, आणि पहिल्या तासालाही घेऊ नका. नकाशा आणि जमीन झाल्यावर तिसऱ्या तासाला घ्या. सुरुवातच तिथून केली तर पुढची प्रत्येक ओळ मुलं छळ करणारे आणि छळ सोसणारे अशा दोन रकान्यांत वाटून टाकतात आणि पात्रांना श्वास घ्यायला जागा उरत नाही.

जे घडलं ते स्पष्ट सांगावं. तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली, सासष्टीतली १५६० च्या दशकात. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, १५६० मध्ये बसलं आणि मधली चार वर्षं सोडता १८१२ पर्यंत चाललं. कुंकळ्ळीत १५८३ मध्ये पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. कोकणी सोडून पोर्तुगीज बोला, असा हुकूम १६८४ मध्ये व्हाइसरॉयने काढला. यातलं काही सौम्य करून सांगायची गरज नाही.

मग मुलांना एक गोष्ट नीट दाखवावी: धर्मन्यायालयाचा रोख मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. ख्रिस्ती होऊनही जुने आचार सोडत नाहीत, हा आरोप. १७३६ मध्ये त्या न्यायालयाने काढलेला एक मनाईहुकूम या कामी फार उपयोगी आहे. लग्नातली गाणी, हळद, विडा, दारातली तुळस, धोतर, चोळी, अशा रोजच्या गोष्टींवर त्यात बंदी आहे. मुलांना विचारा, ही यादी कशाची? पहिलं उत्तर येतं, ‘जुलमाची’. बरोबर. पण ज्या गोष्टी कुणी करतच नाही त्यांवर बंदी कोण घालेल? धर्मांतराला दीडदोनशे वर्षं झाल्यावरही ख्रिस्ती घरांत काय काय चालू होतं, याचीही ती यादी आहे. लग्नाआधी नारळाचा रस अंगाला लावण्याचा ‘रोस’ गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आजही होतो. एवढं झालं की कथेतली ख्रिस्ती आजी मुलांना परकी वाटत नाही.

जातही गेली नाही, हेही सांगावं लागतं. बामण, चाड्डो, सुदिर या जाती ख्रिस्ती समाजात राहिल्या. चर्चमधल्या कन्फ्रारिया नावाच्या मंडळांत कुठल्या जातीने कुठला सण करायचा यावरून भांडणं झाली. आपल्या मुलांना हे समजायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

एक पथ्य. आज वर्गात बसलेल्या ख्रिस्ती मुलाकडे सोळाव्या शतकाचा खुलासा मागितला जाणार नाही, हे शिक्षकाने आधीच बजावावं. चर्चा घसरायला एक शेरा पुरतो.

सगळ्यांत महत्त्वाचं एकच काही शिकवायला वेळ असेल तर?

जमीन. बाकी सगळं वगळलं तरी चालेल.

गोव्यातलं जुनं गाव म्हणजे गावकरी. मूळच्या गावकार घराण्यांनी गावची जमीन सामाईक ठेवायची, ती शेतकऱ्यांना लावून द्यायची, आलेल्या पैशातून बांध, देऊळ, वाटा यांचा खर्च भागवायचा आणि उरलेलं आपसांत वाटून घ्यायचं. या वाट्याला झोण म्हणतात आणि तो पुरुष वारसांना मिळत आला. पोर्तुगिजांनी १५२६ मध्ये ही पद्धत लेखी नोंदवून घेतली, पुढे तिला कोमुनिदाद हे नाव पडलं, देवळाच्या जागी चर्चचा खर्च आला, पण सांगाडा राहिला. खाऱ्या पाण्याच्या काठची खाजन शेती याच व्यवस्थेवर उभी. भरतीचं पाणी अडवायला बांध, आत-बाहेर सोडायला मानशीची लाकडी दारं, आतल्या शेताची पातळी कित्येकदा भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. बांध फुटला की सगळ्या गावाचं भात गेलं. त्यामुळे गोव्याच्या कथेत कुणी रात्री बांध बघायला निघालं तर ते वातावरणनिर्मितीसाठी नसतं.

दुसरी बाजू भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि मुंडकाराची. कूळ आपल्याकडच्या मुलांना ठाऊक असतं, १९४८ चा कूळकायदा आजोबांच्या गोष्टींत आलेला असतो. पण कुळाचा प्रश्न शेताचा. मुंडकाराचा प्रश्न राहत्या घराचा. भाटकाराच्या माडाच्या भाटात त्याच्या परवानगीने घर बांधून राहायचं, बदल्यात भाट राखायचं, हाकेसरशी कामाला जायचं. घर स्वतःचं, खालची जमीन त्याची. भांडण झालं तर घरासकट उठायचं. ही भीती एकदा कळली की गोव्याच्या कथांतली कितीतरी मौनं उलगडतात: मुलगी भाटकाराच्या मुलाबद्दल आईपाशी का बोलत नाही, बाप निवडणुकीत कुणाला मत दिलं ते का सांगत नाही. भाटकार हिंदूही असे आणि ख्रिस्तीही, मुंडकारही तसेच. धर्माची रेघ आणि जमिनीची रेघ एकमेकींवर बसत नाहीत.

कुणबी, गावडे, वेळीप हे या उतरंडीत सगळ्यांत खाली. कुणबी शेतमजुरांवरची एक गाजलेली पोर्तुगीज कादंबरी १९६१ ची, ओर्लांदु द कॉश्ता यांची. त्यांचा मुलगा अंतोनिओ कॉश्ता पुढे २०१५ ते २०२४ पोर्तुगालचा पंतप्रधान होता. परीक्षेला येणार नाही, पण मुलं हे विसरत नाहीत.

कायद्यांची सालं मात्र फळ्यावर लिहावीत, कारण कथा सालाच्या अलीकडची की पलीकडची यावर पात्रांचं धैर्य ठरतं: १९६४ चा कूळकायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, १९७६ ची कसणाऱ्याला मालकी देणारी दुरुस्ती. त्याच काळात डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत खाणी पसरत होत्या. लोहखनिजाची निर्यात १९५० च्या दशकातच, विशेषतः जपानकडे, वाढली होती. म्हणजे एका तालुक्यात शेतकऱ्याला शेत मिळत होतं आणि दुसऱ्या तालुक्यात तो शेत सोडून ट्रकवर हमाली करत होता. पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ ही कोकणी कादंबरी १९७७ ची आहे, आणि ती याच उलथापालथीची आहे.

वाचताना एक सराव द्या. प्रत्येक पात्रासाठी एकच ओळ लिहायची: याचं घर कुणाच्या जमिनीवर आहे? लेखकाने सांगितलं नसेल तर ‘सांगितलं नाही’ असं लिहायचं. पुस्तक संपेपर्यंत ही यादी कुठल्याही समीक्षेपेक्षा जास्त बोलकी होते.

‘कोकणी ही मराठीचीच बोली ना, सर?’ असं हमखास विचारलं जातं. काय उत्तर द्यावं?

निवाडा देऊ नका. ज्या वाक्यात हा प्रश्न विचारला जातो ते वाक्यच गोव्याच्या राजकारणातली घोषणा होती, आणि तिच्या बाजूने-विरुद्ध निवडणुका लढल्या गेल्या, हे सांगा. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. साहित्य अकादमीने कोकणीला १९७५ मध्ये मान्यता दिली. १९८६ च्या भाषा आंदोलनात माणसं मेली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापरालाही त्यात जागा ठेवली, आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झालं.

एवढ्यावर थांबलात तर मुलं ‘आपण हरलो’ किंवा ‘ते जिंकले’ असं काहीतरी घेऊन जातील. म्हणून आणखी दोन पदर उघडावे लागतात. पहिला जमिनीचाच. विलीनीकरणाच्या मागे उभा राहिलेला बहुजन समाज बऱ्याच अंशी कुळांचा आणि मुंडकारांचा होता; मराठी शाळेतून आपली मुलं वर येतील अशी त्याला आशा होती, आणि कोकणीच्या चळवळीचं नेतृत्व त्याला भाटकारांच्या बाजूचं वाटत होतं. दुसरा पदर लिपीचा. रोमी लिपीत कोकणी वाचणारा, तियात्र हे कोकणी नाटक बघणारा मोठा ख्रिस्ती वर्ग कोकणीसाठी लढला, आणि कायद्यात त्याची लिपी आली नाही. ती खंत आजही आहे.

लेखक तर या खांबांना बांधलेले नव्हतेच. बा. भ. बोरकरांनी मराठीत आणि कोकणीत सारख्याच ओढीने कविता लिहिली. लक्ष्मणराव सरदेसाई मराठी कथाकार म्हणून नावाजले, नंतर कोकणीत लिहू लागले, पोर्तुगीजमध्येही त्यांनी कथा लिहिल्या. एकाच माणसाने तीन भाषांत लिहिलं, हे दाखवल्यावर ‘बोली की भाषा’ हा प्रश्न मुलंच बाजूला ठेवतात. मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी फादर स्टीफन्स हा सोपा दरवाजा आहे. त्याची मराठीची स्तुती शाळेत पाठ केलेली असते, पण तो माणूस सासष्टीत जेझुइट होता, ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला रोमी अक्षरांत छापलं गेलं, आणि पुराणं हिरावली गेलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी ओवीत ते रचलं होतं, हे फारसं कुणी सांगितलेलं नसतं.

अनुवादातून वाचलं तर चालेल का?

चालेल. कोकणी देवनागरीत असेल तर एखादं पान मूळ कोकणीतून मोठ्याने वाचून घ्यावं. मराठी मुलांना अर्ध्याहून अधिक कळतं आणि न कळलेल्या भागाची उत्सुकता लागते.

गोव्याबाहेरचा गोवाही शिकवावा का?

तो वगळून गोवा पुरा होत नाही, आणि तो आपल्या दारातच आहे. मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागांत गोव्यातल्या एकेका गावाच्या नावाने कूड, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक राहण्याच्या खोल्या, असत. बोटीवर नोकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मधे तिथे उतरायचा, खोलीत पेट्या ओळीने लावलेल्या, संध्याकाळी तेर्साची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ मध्ये झाला तोही मुंबईतच. गोव्याचं लोकप्रिय नाटक गोव्याबाहेर जन्मलं ते यामुळे.

पुढे आफ्रिका, मग आखात. दामोदर मावजो यांच्या ‘कार्मेलीन’ची नायिका कुवेतला आया म्हणून जाते; कादंबरी १९८१ ची, तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि लेखकाला पुढे ज्ञानपीठ. तिच्या आधी मुलांना एवढंच विचारावं: घरातून बाहेर पडून पैसा पाठवणारी बाई तुमच्या गावात कुणी आहे का? कोकणपट्टीतल्या, विदर्भातल्या मुलांचीही उत्तरं ऐकण्यासारखी असतात. आणि अलीकडचा टप्पा पोर्तुगीज पासपोर्टचा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वावर दावा करता येतो. त्या वाटेने कितीतरी कुटुंबं इंग्लंडला गेली. वसाहतीचा कागद वसाहत संपल्यावर साठ वर्षांनी उपयोगी पडतो, यावर मुलं तासभर भांडू शकतात.

‘मुक्ती’ शिकवताना देशभक्तीच्या पलीकडे जावं का?

साहित्य शिकवायचं असेल तर जावंच लागतं. १८ जून १९४६ ची मडगावची लोहियांची सभा, १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवरचा गोळीबार, त्यात महाराष्ट्रातून गेलेली माणसं, १९६१ ची लष्करी कारवाई, हे सगळं आदराने सांगावं. त्यानंतर विचारावं, २० डिसेंबरला सकाळी पोर्तुगीज शाळेतला मास्तर काय करत असेल? पोर्तुगीज शिकून कारकून झालेला माणूस, नाणी, टपाल, सरकार, सगळं बदलायला लागलं. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते थेट १९७४ मध्ये. जुन्या व्यवस्थेबद्दल हळवं होणारं एखादं पात्र कथेत भेटलं की मुलं त्याला देशद्रोही ठरवून मोकळी होतात. मास्तरचा प्रश्न आधी विचारलेला असेल तर जरा थांबतात.

सईद, फॅनन, भाभा हे वसाहतोत्तर सिद्धांतकार आधी शिकवावेत का?

नको. नंतर, आणि तेही पुस्तकात अडलेल्या जागेशी जोडून. आधी शिकवलं तर मुलं कथेत ‘संकरित अस्मिता’ शोधतात आणि माणूस हरवतो.

इतकं सगळं आधी सांगितल्यावर मुलं कादंबरीकडे इतिहासाचा पुरावा म्हणून बघत नाहीत का?

बघतात, आणि ही रास्त शंका आहे. यावर माझा उपाय असा: पार्श्वभूमीच्या तासांना कुठलंही उत्तर कादंबरीतून द्यायचं नाही आणि कादंबरीच्या तासाला पात्राच्या वागण्याचं कारण म्हणून ‘कारण पोर्तुगिजांनी...’ असं वाक्य चालणार नाही. पात्र असं का वागलं याचं उत्तर आधी त्याच पानावरून द्यायचं. ते संपलं, तरी काही उरलं, तर वहीतला नकाशा उघडायचा. हट्टी मुलं कुरकुरतात. एक-दोन आठवड्यांत सवय होते.

आणखी एक. एकच पुस्तक ‘गोवा’ म्हणून शिकवू नका. जमलं तर सासष्टीतली एक कथा आणि फोंड्या-सत्तरीतली एक कथा एकापुढे एक ठेवा. लांबट कादंबरी एक, सोबत दोन छोट्या कथा, एवढं सत्रात बसतं. धर्मांतराच्या काळावरची कादंबरी (महाबळेश्वर सैल यांची आहे) पहिली लावू नये. ती ताकदीची आहे, पण मग तिच्याच चष्म्यातून बाकीची वाचली जातात.

सहल न्यावी का?

जुन्या गोव्यातली चर्चं मुलांनी पाहिलेली असतात. न्यायचीच असेल तर एखाद्या खाजन बांधावर ओहोटीच्या वेळी न्या, किंवा उन्हाळ्यात कुर्डीला. साळावली धरणात बुडालेलं मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं आणि जुने रहिवासी तिथे जमतात. सहल जमणार नसेल तर फार बिघडत नाही.

वर्गात गोव्याचाच विद्यार्थी असेल तर त्याची मदत घ्यावी का?

त्याने आपणहून हात वर केला तरच. त्याला वर्गाचा माहितगार करून टाकणं अन्याय आहे. तो एका गावाचा, एका जातीचा, एका घरचा असतो, आणि त्याला तुमच्याइतकीच कादंबरी वाचायची असते.

परीक्षेत या पार्श्वभूमीवर प्रश्न काढावा का?

सालं-सनावळ्यांवर अजिबात नको. पुस्तकातला न शिकवलेला उतारा द्यावा आणि विचारावं: या उताऱ्यात कुणाला काय बोलता येत नाही, आणि का? ज्याने जमीन नीट समजून घेतली आहे तो विद्यार्थी इथे ओळखू येतो. गाइडमधून पाठ केलेल्याला तीन ओळींपलीकडे लिहिता येत नाही. विद्यापीठाचा पेपर साचेबद्ध असेल आणि हे करता येत नसेल, तर अंतर्गत गुणांच्या वीसांपैकी दहा तरी या प्रश्नाला ठेवावेत.